हवंय की ठेवू?

मटणवाल्याला पुरून महिना उलटला आणि त्याच्या बायकोला दवाखान्यातून फोन आला.

"काकू, तुमच्या मिस्टरांचं काळीज आमच्याकडे राहिलंय," पलीकडची पोरगी म्हणाली. छत्री विसरल्यासारखं.

काकूंना घेरीबिरी काही आली नाही. सगळी जिंदगी मटणाच्या दुकानात गेलेली बाई ती. माणूस गल्ल्यावर बसल्या बसल्या गेला, म्हणून कारण शोधायला पोस्टमॉर्टेम केलं, तिथवर ठीक. पण काळीज कशाला ठेवलं? दारूला तर तो कधी शिवला नव्हता. म्हणजे आपण अर्धामुर्धा नवरा मातीत घातला, हेच काकूंच्या जिवाला लागलं. गेला तर गेला, पण निदान सगळा तरी जायला हवा होता.

धाकटा दीर दुकानात खिमा करत होता. काकूंनी विचारलं, "ठेवताना आपल्याला विचारलं होतं कुणी?"

दिराचा सुरा थांबला. "मला विचारलं होतं, वहिनी. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आतलं काही ठेवून घ्यावं लागलं तर चालेल ना? मी म्हटलं, ठेवा की, आम्हीही ठेवतो."

दुकानात दिवसभर हेच चालायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, आतलं तुम्हालाच राहू द्या, आणि दीर म्हणायचा, ठेवतो. त्या दिवशी दवाखान्यात आत भाऊ पडलेला, डोकं ठिकाणावर नाही, तोंडाने मात्र दुकान चालूच.

"मुडद्या, भावाला वाटून आलास आणि महिनाभर दोन्ही वेळ जेवतोयस?"

"मला वाटलं, बघून परत आत घालत असतील."

त्याचा मोठा भाऊ असं कधी करायचा नाही. दर गिऱ्हाइकाला विचारायचा, "हवंय की ठेवू?" बहिरं असलं तर बोटाने दाखवून विचारायचा. रांग खोळंबायची, काकू आतून करवादायच्या, पण तो ऐकेल तर शपथ. ज्याची वस्तू त्याला विचारायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी एक बरणी टेबलावर ठेवली. काकूंनी वाकून पाहिलं.

"हे काळीज नाही. हे दिल आहे."

डॉक्टर गडबडले. "हो, हृदयच आहे. तुम्हाला समजावं म्हणून ती काळीज म्हणाली असेल."

"आमच्या धंद्यात काळीज म्हणजे कलेजी. ती कुठेय?"

"ती त्यांच्याबरोबर गेली."

"नक्की? की तिच्यासाठी पुढच्या महिन्यात फोन?"

दिराला हसू फुटलं, वहिनीने बघताच त्याने त्याचा खोकला केला.

डॉक्टर मात्र सरळ बोलले. हृदयाची एक झडप जन्मापासून अरुंद होती, त्यानेच घात केला. असं हृदय शिकणाऱ्या मुलांना क्वचित पाहायला मिळतं. "पण तपास संपल्यावर लगेच तुम्हाला बोलवायला हवं होतं. आमचं चुकलं. आता तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला हवंय, की आम्ही ठेवू?"

काकू भांडायला पदर खोचून आल्या होत्या. पण जन्मभर ऐकून कान किटले होते त्या प्रश्नाने, आणि महिनाभरात तो एकदाही कानावर पडला नव्हता. त्यांना घळाघळा रडू आलं. डॉक्टरांना वाटलं, आपलं पुन्हा काहीतरी चुकलं.

"तेव्हाच मला विचारलं असतंत तर ठेवा म्हटलं असतं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आता हवंय."

सीलबंद डबा हातात आला, तेव्हा दिराने खिशातून दुकानाची पिशवी काढली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'ताजे मटण'. काकूंनी कपाळाला हात लावला, पण डबा तिच्यातच घातला.

रस्त्यात एक जुनं गिऱ्हाईक आडवं आलं. पिशवीकडे बघून म्हणालं, "काय काकू, दुकान बंद आणि माल बाहेर? जमत असेल तर मला द्या की."

"नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "एका गिऱ्हाइकाचं चुकून ठेवून घेतलं होतं. ज्याचं त्याला द्यायला चाललोय."