नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

तुळसाने सूड घेतला तो लपूनछपून नव्हे. भर रविवारी, सकाळी अकरा वाजता, रवळनाथाच्या देवळात अर्धी वाडी जमलेली असताना घेतला. तोंडावर गोड आणि पाठीमागे सुरी असला प्रकार तिला जमलाच नसता.

तिचा मुलगा कौस्तुभ गोव्यात हॉटेलात नोकरीला गेला आणि दोन वर्षांनी हाडांचा सापळा होऊन परत आला. पावडर ओढायचा. घरातली पितळेची कळशीसुद्धा त्याने विकून खाल्ली. त्याच हॉटेलात त्याच्याबरोबर शेजारचा ओमकार होता, सुशीलेचा एकुलता एक. त्यानेच पोराला नादाला लावलं, हे ठरवायला तुळसाला पुरावा लागला नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काही उगाच झालेली नाही.

ती नारळ घेऊन देवळात गेली आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या शिवा गावकराला म्हणाली, "ओमकाराचा नाव घेवन घाला."

"नाव घेवन घालूक येणा नाय, वयनी," शिवा म्हणाला. "काय झाला ता सांगा. माणूस कोण ता देव शोधीत."

मग त्याने हात जोडले आणि खडा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी पयली पुडी दुसऱ्याच्या हातात दिली, तेच्या घराक माणसाचो पाय लागू नये, तेच्या हाकेक कोणी ओ देऊ नये."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मागे खांबाला टेकून सुशीला उभी होती, तीही म्हणाली. तिच्या मनात कोण होतं ते तिचं तिला ठाऊक.

पण तुळसाने सगळंच देवावर सोडलं नाही. देवाला शंभर कामं. ती स्वतः ओमकाराचं नाव घेत घरोघर फिरली. त्या वर्षी सुशीलेच्या भातलावणीला एक बाई आली नाही. चवथीला तर कहर झाला. कोकणात चवथीचं भजन घरोघर फिरतं. गरिबातल्या गरीब गणपतीपुढेही झांज वाजते. सुशीलेने टोपभर काळ्या वाटाण्यांची उसळ करून ठेवली, दारापुढच्या खळ्यात दिवा लावला, आणि भजनाची मंडळी तिच्या दारावरून सरळ पुढे गेली. दुसऱ्या दिवशी ती उसळ गुरांनी खाल्ली. तुळसाने कुंपणावरून पाहिलं आणि तिच्या जिवाला थंडावा मिळाला.

आणि हीच वाडी कौस्तुभाला हातावर झेलत होती. व्यसनमुक्ती केंद्रातून तो सुटून आला तसा बाजारातल्या मेहबूबचाचांनी त्याला आपल्या दुकानात बसवला. दर बुधवारी कणकवलीला व्यसनातून सुटलेल्या लोकांची बैठक असे. बाबू कंडक्टर त्याला आपल्या शेजारच्या सीटवर बसवून नेई आणि परत आणी. पोराला उशीर झाला की चार घरांतून फोन येत. चौदा महिने त्याने पावडरीला हात लावला नव्हता. ओमकारही दोनदा केंद्रात जाऊन आला, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पुन्हा घसरला. त्याच्याशी बोलायला घरात आई आणि दारात कुत्रं, एवढीच माणसं. तुळसा म्हणायची, करावे तसे भरावे.

एका बुधवारी कौस्तुभ कणकवलीहून आला आणि ताटावर बसला, पण घासाला हात लावेना.

"आये, ओमकारान माका पयली पुडी दिल्यान नाय. मी तेका दिलंय."

तुळसाच्या हातातला डाव खाली पडला. "खोटा बोलतंस."

"तू तेचा नाव घेतलंस तेव्हा मी गप रवलंय. आज बैठकीत सगळ्यांसमोर सांगून इलंय. आता देवळात सांगूक व्हया."

"आणि वाडीक कळला काय तुका कोण विचारतलो? मेहबूब दुकानात घेतलो? बाबू शेजारी बसवतलो?"

"नाय बसवल्यान तर उभ्यान जायन. पण ओमकार असोच मेलो तर मी परत पावडरीकडेच जातलंय, आये. ह्या माका ठावक आसा."

तीन दिवस तिने मुलाशी अबोला धरला. राग त्याच्यावर होता, सुशीलेवर होता, आणि सगळ्यांत जास्त त्या शिवा गावकरावर होता. गाढवाने नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. आता 'तेच्या घराक माणसाचो पाय लागू नये' हे तिनेच घालायला लावलेलं गाऱ्हाणं तिच्याच उंबऱ्यावर येऊन बसलं होतं. चौदा महिने माणसांनी धरून ठेवलेलं पोर माणसांशिवाय किती दिवस टिकेल, हे तिला कोणी सांगायला नको होतं. शेजारच्या घरात तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

रविवारी, गाऱ्हाणं परत घेता येतं का ते विचारायला, ती कौस्तुभाला घेऊन देवळात गेली. तो सगळं बोलला. मध्ये त्याचा आवाज फाटला, पण त्याने वाक्य अर्धं सोडलं नाही. शिवाने डोकं खाजवलं.

"गाऱ्हाणा परत घेवक येता. पण ज्येका ता लागला, तेच्या तोंडान 'व्हय' येवक व्हया."

सगळ्यांनी सुशीलेकडे पाहिलं. ती सावकाश पुढे आली. दोन वर्षांत तिचे केस पार पिकले होते.

"चवथीक माजी उसळ गुरांनी खाल्ली," ती म्हणाली. "तुळसा, उद्या माज्या घराक ये. वाडीक दिसात अशी ये. मगे व्हय म्हणायचा काय नाय, ता बगतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसा निघाली. घर कुंपणापलीकडेच, पण ती कुंपणातून गेली नाही, रस्त्याने गेली. प्रत्येक खळ्यात कोणी ना कोणी उभं होतं. ह्याच बायकांना तिने सुशीलेच्या दारात जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्या तिची पावलं मोजत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुशीलेने तिला पडवीत, रस्त्याला तोंड करून बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. काळ्या वाटाण्यांची उसळ, काठोकाठ. "खा."

तुळसा खाऊ लागली. सुशीला समोर उभी राहून पाहत होती आणि तिच्या नजरेत दयेचा कण नव्हता. तुळसाला ते पटलं. तिच्या जागी आपण असतो तर मीठ तरी जास्त घातलं असतं.

ओमकार चहा घेऊन आला. त्याचा हात इतका थरथरत होता की अर्धा चहा तुळसाच्या लुगड्यावर सांडला. तो घाबरून मागे सरकला. तुळसाने त्याचं मनगट धरलं आणि कप जमिनीवर टेकला तरी सोडलं नाही. ही थरथर तिच्या ओळखीची होती. हेच मनगट, असंच बारीक, तिने आपल्या घरात कितीतरी सकाळी धरून ठेवलं होतं.

"बुधवारी साडेसातची एसटी," ती त्याला म्हणाली. "कौस्तुभ येतलो तुज्यावांगडा. मी पण येतंय. बाबून शेजारी बसवल्यान नाय तर तिघांय उभ्यान जाव."

ओमकारने हात सोडवून घेतला नाही.

"तुका माफ केलंय असा समजा नको," सुशीला म्हणाली.

"नाय समजत."

सुशीलेने ताटात डोकावलं. ताट रिकामं झालं होतं. ती आत जाऊन टोप घेऊन आली आणि तिने आणखी एक डाव उसळ वाढली. मग रस्त्याकडे वळून, खळ्याखळ्यांतून उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"व्हय म्हाराजा."