काचघरातला कौल

काचघरापुढची रांग फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली होती. दोनशे वर्षांच्या त्या उद्यानात एक असा ताड आहे की ज्याच्या जातीचे दुसरे झाड आता कुठे उरलेले नाही. त्याच्या बुंध्याला पाठ टेकून लोक आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्याच्यावरची पाटी कोणी वाचत नव्हते. बिचारा बोलत नव्हता.

बोलणारे झाड आत, कुंडीत होते, गुडघाभर उंचीचे. आपण प्रश्न विचारायचा. थोड्या वेळाने त्याची बारीक पाने डुलत राहिली तर हो, थबकली तर नाही. झाडाचे म्हणणे माणसांना समजावण्यासाठी तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने स्वतःचीच नेमणूक केली होती. लोक त्याला दुभाषी म्हणत. दुकान विकावे का, मुलीला दूर शिकायला पाठवावे का, असे सगळे प्रश्न त्या झाडाच्या गळ्यात पडत होते.

माझी थोरली बहीण तिथे तिसऱ्यांदा आली होती. तिच्या स्तनात गाठ होती. शस्त्रक्रिया पंधरवड्याच्या आत करा, नंतर हातात काही राहणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. झाडाने दोनदा नाही म्हटले होते. मी तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे. तिने झाडाला विचारले, मला नाही.

"घाई करू नका, बाई," दुभाषी म्हणाला. "माणूस का आहे तो, विचारलं की तोंड उघडायला? तुमची काळजी आधी मुळापर्यंत पोचू दे."

काळजी मुळापर्यंत पोचेपर्यंत तो ताईची विचारपूस करत राहिला. घरी कोण आहे, भीती कशाची वाटते, झोप लागते का. भूल दिल्यावर जागच आली नाही तर, असे ताई पुटपुटली. तेव्हा त्याचा हात सहज भिंतीलगतच्या दोरीवर गेला. ती दोरी छपराच्या झडपेची होती; ओढली की झडप उघडायची. बाहेर कडाक्याचा हिवाळा होता. पाने मंदावली आणि थांबली.

दुभाषी जेवायला गेला तेव्हा मी ताईला आणि रांगेतल्या काही जणांना आत नेले. झडप बंद केली. गरम पाण्याच्या नळांनी काचघर पुन्हा उबदार व्हायला पंधरा मिनिटे लागली. मग मी मोठ्याने विचारले, शस्त्रक्रिया करावी का? पाने डुलू लागली होती.

ताईचा चेहरा सैल पडला. कित्येक आठवड्यांत तो तसा पाहिला नव्हता.

"हो म्हणतंय," ती म्हणाली. "मग उद्याच जाऊ या."

"ताई, ते काहीच म्हणत नाही," मी म्हणालो. "झडप मी लावली."

मग मी सगळे नीट समजावले. या झाडाची पाने ऊब असली की आपोआप हलतात, गारठली की थांबतात. त्याला कान नाहीत. माणसाला कोणते उत्तर हवे आहे ते दुभाषी बोलण्यातून काढून घेतो आणि दोरीने परत करतो. मी दोरी ओढली, थोड्या वेळाने पाने थांबली. एक गृहस्थ म्हणाले की मी ओढतो ती लबाडी, दुभाषी ओढतो ती झाडाची इच्छा.

ताई कुंडीकडे पाहत होती.

"मग आताचं 'हो'सुद्धा खोटंच ना रे?"

मी हो म्हणालो. दुभाषी जेवून आला तेव्हा ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मी उद्यानाच्या व्यवस्थापकांना सविस्तर पत्र लिहिले. दोरी जीर्ण झाल्याचे लक्षात आणून दिल्याबद्दल त्यांनी आभार मानले आणि नवी बसवली. चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले की आता कापून उपयोग नाही. ताई अजून आहे. किती दिवस, ते कोणी सांगत नाही आणि ती विचारत नाही.

तेव्हा गप्प बसला असतास तर ती वाचली असती, असे नातलग मला ऐकवतात. असेलही. पण तिचा जीव एका दोरीला टांगलेला राहिला असता, आणि दोरी नेहमी कोणाच्या तरी हातात असते. माझी चूक दुसरीच आहे. तुला भीती कशाची वाटते, हे त्या लबाडाने तिला विचारले. मी, तिच्या सख्ख्या भावाने, विचारले नाही.

वाचकहो, झाडे ऐकत नाहीत, बोलत नाहीत, कोणाचे प्रारब्ध जाणत नाहीत. हे घरात सांगा. पण सांगण्याआधी घाबरलेल्या माणसाजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या आणि त्याला घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.