डबीवरचे दोघे भाऊ

खांद्याचं माप घेता घेता दादाने टेप गिऱ्हाइकाच्या गळ्यातच सोडली आणि तो लगबगीने दुकानामागच्या संडासाकडे गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. धाकटा भाऊ तेवढ्यात हॉस्पिटलमधून परतला होता. चपला न काढता तो दारातच उभा राहिला. नळाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"मास्तरांची ही दुसरी फेरी," गिऱ्हाईक म्हणालं. त्याने काउंटरवरची गोळ्यांची डबी उचलली. "अहो, डाव्या बाजूचे हे मास्तरच ना?"

"तोच मी," दादा पँटचा पट्टा सावरत परत आला. "उजवीकडचा हा. या गोळ्या घेतल्या की माणूस आपलाच धाकटा भाऊ होतो!"

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. धाकटा हसला नाही.

त्याचा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची गोष्ट. या गोळ्यांच्या एजंटाला जाहिरातीसाठी दोन चेहरे हवे होते. दोघा भावांचं नाक एकच होतं. दादाला टक्कल होतं, धाकट्याला दाट केस. एकाखाली 'आधी' छापलं, दुसऱ्याखाली 'नंतर'. आता धाकट्याचंही कपाळ मागे सरकलं होतं. डबीवर मात्र एक केस हलला नव्हता.

पुढे दादाला लघवीचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्याने डॉक्टर सोडून हीच डबी आणली. केसगळती आणि प्रोस्टेट, दोन्हींवर वनौषधी, असं तिच्यावर लिहिलं होतं.

"अरे, फोटो आपणच काढलाय," धाकटा तेव्हा ओरडला होता.

"लबाडी केसांची आहे. लघवीचा फोटो कुठे काढलाय?"

वर्षभर हेच चाललं. धाकट्याने डबी लपवली, एकदा गटारात फेकली, वहिनीकरवी शपथ घालून पाहिली. दादा नवी आणायचा. लघवीत रक्त दिसलं तेव्हा कुठे तो तपासण्यांना तयार झाला आणि गाठ निघाली. आज ऑपरेशनची तारीख मिळायची होती. "तूच जा, मला दुकान आहे," म्हणून दादा मागे राहिला होता.

"कोटाची घाई नाही, मास्तर," माप संपल्यावर टेप दादाच्या गळ्यात घालून निघताना गिऱ्हाईक म्हणालं. "थंडी पडेपर्यंत झाला तरी चालेल."

दादाने कापड टेबलावर पसरलं, खडूला टोक काढलं. मान वर न करताच त्याने विचारलं,

"मिळाली तारीख?"

"डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको करायला. इंजेक्शनं देऊन बघू."

"बरं झालं. कापाकापी टळली."

"हो."

"आणि हाडांचा तो फोटो काढला होता, त्याचं?"

"ते... ते सांगतील सावकाश."

खडूची रेघ खांद्यापाशी थांबली. धाकट्याने चपला काढल्या, एका बाजूला नीट लावल्या. मग माठातून पेला भरून आणला.

"दुपारच्या गोळ्या घेतल्यास का?"

"तू आलास आणि राहिल्या."

धाकट्याने काउंटरवरची डबी उघडली. दोन गोळ्या तळहातावर काढल्या आणि हात पुढे केला.

दादाने गोळ्यांकडे पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडे. धाकटा डबीवरची अक्षरं वाचत असल्यासारखा खाली बघत राहिला.

दादाने गोळ्या तोंडात टाकल्या, पाण्याबरोबर गिळल्या आणि पेला भावाच्या हातात दिला. हाताने झटकून त्याने कापडावरची खडूची रेघ पुसली. कापडाची घडी घातली, कडा जुळवून, कापडाच्या दुकानातून आलं होतं तशी.

"त्या साहेबांना उद्या हे नेऊन दे," तो म्हणाला. "कोट दुसरीकडे शिवून घ्या म्हणावं."

"अरे, पण त्यांना घाई नाहीये, दादा."

"त्यांना नाही रे," दादा म्हणाला आणि गळ्यातली टेप काढून बोटांभोवती गुंडाळू लागला.