तात्पुरती दांडी

"भिंतीला भोकं पाडा म्हणे! बाथरूम आहे का चाळणी?"

सासरे दाराशी उकिडवे बसून स्वतःशीच पुटपुटत होते. पण त्या एवढ्याशा जागेत सुनेचा कान त्यांच्या तोंडापासून फार तर दोन-तीन हात लांब; ऐकू न आल्याचं सोंग तरी किती करणार?

तिच्या कडेवर मुंगी होती. पाच वर्षांची लेक. नाव मुंगीचं, वजन पोत्याचं. हनुवटीवर ताजी पट्टी. सकाळी चाकांच्या खुर्चीवरून कमोडवर सरकताना तिने धरलेली लाकडी दांडी फिरली आणि पोर बेसिनच्या कडेवर आदळली.

दांडी फिरणारच. सासरे हाडाचे सुतार. त्यांनी केलेला सांधा उकलायचा तर कपाटच फोडावं लागे, अशी ख्याती. पण नातीसाठी केलेलं काहीच त्यांनी कधी पक्कं बसवलं नव्हतं. उंबऱ्याची उतरती फळी नुसती टेकवलेली, पलंगाचा कठडा सुतळीने बांधलेला, ही दांडी चौकटीला क्लॅम्पने आवळलेली. "चार-सहा महिन्यांचा प्रश्न. मग काढायचंच आहे," हे त्यांचं पालुपद.

"अजून एक पीळ देतो," ते म्हणाले.

"दोनदा देऊन झालाय, बाबा. ड्रिल मारा."

"अगं, घाई कसली?" मागून, बेसिनपाशी उभ्या सासूबाई. "तुझा नवरा दोन वर्षांचा होईतो बुडावर सरकत होता. मग असा सुटला की धरायला दोन माणसं लागायची!"

"आई, ही पाचाची आहे."

"असेना. तूच म्हणालीस ना, डॉक्टर म्हणाले वेळ लागेल?"

म्हणाली होती खरी. डॉक्टरांचं बोलणं बरंच लांब होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता तिने त्याची काटछाट केली, आणि घरी पोचेतो दोनच शब्द उरले. नवऱ्यालाही तेवढेच दिले. त्याने तिसरा मागितला नाही. याला सात महिने झाले.

सासऱ्यांनी अखेर ड्रिल उचललं, कानावरची पेन्सिल काढली. "बरं. हिच्या मापाने खूण करतो."

"एक हिच्या मापाने. दुसरी वर, माझ्या कोपराएवढ्या उंचीवर."

पेन्सिल भिंतीवरच थांबली. "वरची कोणाला?"

सासूबाईंनी उगाच नळ सोडला आणि धुतलेला मग पुन्हा धुवायला घेतला.

"कोणाला, विचारतोय." त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तेवढी उंच होईतो पोरगी पळत सुटेल. मग दांडी कशाला? सुटेल ना गं?"

सुनेचा हात बधिर झाला होता. मुंगीने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. दुखली, म्हणून गाल टेकला. पोरीसमोर नको, असं म्हणत तिने सात महिने ढकलले होते. पण पोर कडेवर नाही, अशी वेळ तिच्या दिवसात होती कुठे?

तिने मोकळ्या हाताने नळ बंद केला.

"नाही, बाबा. मुंगी चालणार नाही. मोठी झाली तरी नाही."