किल्लीशिवायचा उजेड

"आला! आला!" गॅरेजात एकच गलका झाला. बंद गाडीत, ड्रायव्हरच्या सीटखाली, निळा उजेड पडला होता. किल्ली सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीवरच्या खुंटीला लटकत होती. त्याच सीटवर माझी ताई बसली होती, काचा वर, दारं बंद. गाडीचे मालक, म्हणजे आमचे भावजी, जाऊन दीड महिना झाला होता.

"किल्ली नाही, इंजिन नाही, तरी प्रकाश!" मठातले बाबा गरजले. आवाज असा, की भोंग्यानं झक मारावी. "सांग आत्म्या, बायकोला सोडून जाववत नाही ना तुला?"

उजेड दोनदा लुकलुकला. झालं! निम्मी गल्ली मुसमुसायला लागली.

माझं डोकं सणकलं. मी दवाखान्यात नर्स आहे आणि ताईला दमा आहे. या शहाण्यांनी तिच्या शेजारच्या सीटवर धुपाची वाटी धुमसत ठेवली होती. आत्म्याला वास लागतो म्हणे! रोज दोन तास असं बसायचं, दार उघडलं की आत्मा निसटणार. शेवटी गाडी बाबांच्या मठात नेऊन उभी करायची, म्हणजे त्याला कायमची जागा. मठाला गाडी, हे ओघानं आलंच!

"ताई, बाहेर ये!" मी काच ठोकली.

तिनं मान हलवली. "ते जातील गं," दबका आवाज आला. दोन शब्दांच्या मधे ती श्वास शोधत होती. ओठ निळसर पडायला लागले होते. मी दार ओढलं, तर आतून लॉक. मागे शटर अर्ध्यावर ओढलेलं, पाठीला गर्दी चिकटलेली. इतकी अगतिक मी उभ्या जन्मात झाले नव्हते.

"काच फोडते मी!" मी ओरडले. गर्दीतल्या दोघींनी माझे हात धरले.

तेवढ्यात मागच्या सीटवर नजर गेली. बाबांचा चेला तिथे डोळे मिटून पुटपुटत बसला होता. फक्त उजव्या पायात चप्पल नव्हती.

"जातोस का?" बाबांनी विचारलं. चेल्याचा पाय पुढच्या सीटखाली सरकला आणि उजेड विझला.

"अंगठा बघा त्याचा! अंगठा!" मी किंचाळले.

"अविश्वासू बाई! आत्मा कोपेल!"

"कोपू दे. भावजी आहेत माझे, भांडू आम्ही!"

सगळ्यांच्या माना खाली वळल्या. चेला गडबडला, दार उघडून एका चपलेनिशी पळाला. मी त्याच दारातून आत घुसले, लॉक काढलं, वाटी बाहेर फेकली आणि ताईला दाराशी वाऱ्यावर बसवलं. मग सीटखाली डोकं घातलं.

तिथे एक सॉकेट होतं, स्क्रूनं घट्ट बसवलेलं. भोवती निळ्या उजेडाची कडी, बाजूला ती लावायचं बटण. लाल वायर कार्पेटखालून बॉनेटकडे गेलेली. शेजारी नव्या वायरचं वेटोळं, आणि वर पांढरी पट्टी. भावजींना प्रत्येक वस्तूवर पट्टी लावायची खोड होती, मिठाचा डबासुद्धा सुटला नव्हता. अक्षर त्यांचंच: 'हिच्या वाफेच्या मशीनसाठी. थेट बॅटरीवरून. किल्ली लागत नाही.'

मला एकदम आठवलं. जायच्या आधी एक आख्खा रविवार ते गाडीत वाकून बसले होते. काय करताय विचारलं, तर म्हणाले होते, "नंतर सांगतो."

"मशीन आणा! कपाटात वरच्या खणात, औषधासकट!" मी शेजारीणबाईंवर खेकसले. त्या धावल्या. मी ते वायरनं सॉकेटला जोडलं, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. ताईच्या तोंडावर मास्क धरून मी तिचे श्वास मोजत राहिले. हळूहळू ओठांवर रंग आला. बाबा तोवर शटरखालून वाकून सटकले होते.

ताईनं मास्क बाजूला केला. "म्हणजे... ते इथे नाहीत?"

"नाहीत ताई."

ती रडली. दीड महिन्यात पहिल्यांदाच मोकळी रडली. पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, "कंबर दुखत होती गं त्यांची, तरी..."

"तरीही यात काहीतरी असेलच की," गर्दीतलं कुणीतरी पुटपुटलं.

"आहे ना," मी म्हटलं. "एक वायर आहे. तिला श्वास घेता यावा म्हणून एका माणसानं ती ओढली, आणि तिच्याच जोरावर तुम्ही सगळे तिचा श्वास कोंडत होता. पुढच्या वेळी उजेड दिसला, तर हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा, वायर कुठे जाते ते."