दोनशे चौदा जास्तीच्या फायली

सोमवार, १४ मार्च २००५. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सातपूरच्या एका कारखान्यात मंजुषाच्या संगणकावर वाळूचं घड्याळ उमटलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

एरवी घड्याळ आलं की मंजुषा डबा कुठल्या भाजीचा आहे याचा विचार करायची. आज ती सोय नव्हती. बारा वाजता पुण्याहून तपासनीस यायचे होते. कारखान्यात विजेची कंट्रोल पॅनेल बनत आणि प्रत्येक पॅनेलमागे ड्रॉइंगांचा ढीग. मागच्या भेटीत तपासनिसांनी शेरा मारला होता, ‘ड्रॉइंगांची नोंदवही आणि प्रत्यक्ष फायली यांचा मेळ दाखवावा.’ नोंदवही मंजुषाच्या टेबलावर होती. फायली मात्र सिन्नरच्या नव्या प्लँटमधल्या सर्व्हरवर, आणि मधे एक टेलिफोनची लाइन, जिला सातपुरात सगळे ‘बैलगाडी’ म्हणत.

मंजुषा कंत्राटावर होती. मुदत ३१ मार्चला संपत होती. शुक्रवारी वर्क्स मॅनेजर साहेब म्हणाले होते, “यादी वेळेवर येऊ द्या, मग तुमचं बघू.” या ‘बघू’चा अर्थ लावण्यात तिचा अख्खा रविवार गेला होता.

तसं शनिवारीच तिनं पुस्तकात बघून एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच दिलेली हुकमांची यादी, पुढे तो आपला आपण राबतो. हा मॅक्रो एकेका फोल्डरमध्ये शिरायचा, फाइल हातात घ्यायचा, नाव, आकार, तारीख विचारायचा, एक ओळ लिहायचा आणि पुढच्या फाइलकडे वळायचा. नऊ वाजता तो सुरू केला होता. चाळीस मिनिटांत एक हजार नऊशे बारा ओळी झाल्या होत्या. वहीत अकरा हजारांवर ड्रॉइंग होती. मंजुषानं कागदाच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. घड्याळ हललं तरी यादी संपायला एक वाजणार होता.

“काय मॅडम, मॅक्रो सिन्नरला पायी निघाला की काय?” चहाचा कप घेऊन कुंदन मागे येऊन उभा राहिला. कारखान्यातले सगळे संगणक त्याच्या ताब्यात होते आणि सगळ्या दुखण्यांवर त्याचं औषध एकच, बंद करून चालू करा.

“निघाला होता. सिन्नर फाट्यावर दम खायला बसलाय.”

पलीकडच्या टेबलावरून रंगनाथकाका उठून आले. ते ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते. लाकडी बोर्डावर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायच्या काळापासूनचा माणूस, त्याआधी चार वर्षं स्टोअरमध्ये. पडद्याकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हे नेमकं करतंय काय गं?”

“प्रत्येक फाइलला विचारतंय, काका. नाव काय, आकार किती, तारीख कुठली. प्रश्न सिन्नरला जातो, उत्तर घेऊन परत येतो. मग पुढचा प्रश्न.”

“म्हणजे एका बोल्टला एक चिठ्ठी?” काका खवळलेच. “स्टोअरला असतो ना, तर हाकलून दिलं असतं मी. अगं, चाळीस वस्तूंची एकच चिठ्ठी करायची आणि स्टोअरवाल्याला म्हणायचं, बाबा रे, सगळं एकदम काढ.”

“सगळं एकदम,” मंजुषा पुटपुटली. मग तिनं मॅक्रो थांबवला आणि संगणकाची ती जुनी काळी खिडकी उघडली. दहा वर्षांपूर्वी शालिमार चौकातल्या एका क्लासमध्ये ती हेच शिकली होती. काळ्या पडद्यावर ‘डिर’ असा हुकूम टाकला की फोल्डरातली सगळी नावं एका दमात खाली कोसळायची. मखमलाबाद गावाहून वडिलांच्या फुलांच्या टोपल्यांबरोबर टेम्पोत बसून ती त्या क्लासला यायची. पुढे माउस आला आणि ‘डिर’ तिच्या डोक्याच्या अडगळीत गेलं.

“डॉस?” कुंदनला चहाचा ठसका लागला. “दोन हजार पाच साली? आता टाइपरायटर पण काढा.”

“टाइपरायटरला बैलगाडी लागत नाही. सरक जरा, उजेड अडवतोयस.”

हुकूम साधा होता, पण पुरता आठवायला अर्धा तास गेला. सिन्नरच्या सगळ्या फोल्डरांतली नावं एकदम माग आणि माझ्या संगणकावरच्या एका फाइलमध्ये ओत. दहा बावीसला तिनं कळ दाबली. सव्वाचार मिनिटांत काम संपलं. मॅक्रोचा मधला भाग खोडून तिनं नवा लिहिला. आता तो सिन्नरकडे बघतही नव्हता. शेजारची फाइल वाचायची आणि सगळ्या ओळी एका झटक्यात शीटवर ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. चुका दुरुस्त करण्यात अर्धा तास गेला. अकरा वाजता तिनं बटण दाबलं आणि सहा सेकंदांत यादी समोर आली.

“ऑं!” कुंदन म्हणाला. मग त्याला सुचलं, “पण मॅडम, हातानं तीन दिवस लागणारं काम पाच मिनिटांत व्हायला लागलं, तर बटण दाबायला माणूस कशाला ठेवतील?”

तो हसत म्हणाला होता. मंजुषाही हसली, पण जेमतेम.

मग तिनं बेरीज पाहिली. वहीत अकरा हजार चारशे अठ्ठावीस ड्रॉइंग. यादीत अकरा हजार सहाशे बेचाळीस फायली. दोनशे चौदा जास्त.

वहीत नसलेलं ड्रॉइंग सर्व्हरवर असणं हा या धंद्यातला मोठा गुन्हा. त्यावरून कोणी चुकीचं पॅनेल बनवलं तर जबाबदार कोण? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर होतं, मंजुषाच्या सहीसकट.

“डॉसला मोजता येत नसेल,” कुंदन म्हणाला.

मंजुषानं यादी नावांप्रमाणे लावली आणि खाली सरकवत नेली. ‘एस’ अक्षरापाशी हात थांबला. एकाखाली एक, एकाच नावाच्या फायली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ‘श्री’. तिनं मोजल्या. दोनशे चौदा. प्रत्येक फोल्डरमध्ये एक.

रंगनाथकाका खिडकीबाहेर बघू लागले.

“काका?”

“आत काही नाही त्यांच्यात. कोऱ्या आहेत.” काकांनी घसा साफ केला. “वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितो की नाही आपण? तसं. नवं काम, नवा फोल्डर, पहिली फाइल श्री. सहा वर्षं झाली. ड्रॉइंग उघडायच्या खिडकीत फक्त ड्रॉइंगच दिसतात, म्हणून कुणाला कळलं नाही. तुझ्या त्या डिरनं उघडं पाडलं मला.”

कुंदन पोट धरून हसत होता. काका खाली वाकले. “मंजू, मॅक्रोत एक ओळ टाक ना. श्री दिसली की सोडून दे. मेळ बसेल, तुझंही होऊन जाईल.”

एकच ओळ, तिला ती पाठ होती. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“सोडून दिलं, तर ती यादी नाही राहणार, काका. तपासनिसांनी स्वतः फोल्डर उघडला तर?” तिनं यादी होती तशी छापली आणि शेवटी लिहिलं, ‘फरक २१४. सर्व कोऱ्या फायली, नाव श्री.’

तपासनीस बारा पाचला आले. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“यादी कुणी केली?”

“मी,” मंजुषा म्हणाली.

“आणि या फायली?”

“मी,” काका म्हणाले.

तपासनिसांनी चेहरा हलू दिला नाही. शेरा लिहिला, ‘यादी समाधानकारक. २१४ फायली तीस दिवसांत वहीत घ्याव्यात अथवा काढून टाकाव्यात.’

ते गेल्यावर साहेब कुंदनला म्हणाले, “उडव रे त्या.”

“आज सोमवार आहे, साहेब.”

“मग उद्या.”

“उद्या मंगळवार. गणपतीचा वार, आणि श्री उडवायच्या?”

“मंजुषा, तुम्ही?”

“मी फक्त यादी करते, साहेब.”

साहेबांनी माउसवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि फोन आल्यासारखं करून ते केबिनमध्ये गेले. त्यानंतर दोन आठवडे श्रींचा विषय कुणी काढला नाही. मंजुषाच्या मुदतीचाही नाही.

गुरुवार, ३१ मार्च. काका सोमवारपासून पुतणीच्या लग्नासाठी कळवणला गेले होते. संध्याकाळी पाच वाजता मंजुषानं बटण दाबलं. बैलगाडी जाऊन आली आणि यादी मांडली गेली. फरक दोनशे पंधरा.

नवी श्री तिला लगेच सापडली. त्याच दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती बनली होती. फोल्डरही नवाच होता, आत दुसरं काही नव्हतं. फोल्डरचं नाव, ‘यादी एप्रिल २००५’. तिची मुदत मात्र मार्चचीच होती.

तिनं कुंदनला विचारलं. तो म्हणाला, “आईशप्पथ, मी नाही.” साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. तिच्या मुदतवाढीची फाइल काचेतून त्यांच्या टेबलावर दिसत होती. साडेपाचचा भोंगा झाला तेव्हाही फाइल तिथंच होती.