डाव्या हाताचं काम

आदर्श अठ्ठावीस वर्षांचा दाढीमिशीवाला गडी, पण समज पाच-सहा वर्षांच्या लेकराची. उदगीरच्या प्रशिक्षण केंद्रात तो मिठाईचे खोके वळायला शिकला. तिथे सगळ्यांना ओळीने बसवत. आदर्शने पुठ्ठ्याच्या बाजू उभ्या करायच्या आणि खोका डावीकडे सरकवायचा. शेजारची पोरगी कोपऱ्याची खाच अडकवायची. सरावाला पुठ्ठे जळकोटला घरी आले, तेव्हा डावीकडे त्याची माय चांगुणा बसली.

नोकरीचं ठरताना केंद्रातल्या बाईंनी विचारलं, "पुरा खोका एकटा वळतो ना?"

"हाव, एकटाच," चांगुणा म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण डोळे मिटल्यावर लेकराने कुणाच्या दारात उभं राहू नये, एवढाच तिचा घोर होता. त्यासाठी माणूस खोटं बोलणार नाही तर काय करणार?

पहिल्या दिवशी त्याला दानम्मांच्या मिठाईच्या दुकानात सोडून ती समोरच्या ओट्यावर बसून राहिली. दुपारी दानम्मांनी हाक मारली.

आत आदर्श नवा शर्ट घालून खुशीत बसला होता. त्याच्या डावीकडे जमिनीवर अर्धवट वळलेल्या खोक्यांचा ढीग पडला होता. सगळे पुन्हा उलगडलेले.

"पोरगं लई गुणी हाय," दानम्मा म्हणाल्या. "सकाळपासून जागचं हललं न्हाई. पण एकबी खोका पुरा न्हाई, चांगुणाबाई."

चांगुणाला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. अंगाखाली हात दबून बधिर व्हावा, तसं आत सगळं झालं होतं.

"असं करा, उद्यापासून तुम्हीबी या. दोघांलाबी ठेवते."

"आन माझ्यामागं, अक्का?"

गिऱ्हाईक आलं होतं, दानम्मा पेढे जोखू लागल्या.

चांगुणा आदर्शजवळ गेली. डावीकडची जागा मोकळीच होती. ती वळसा घालून त्याच्या उजवीकडे बसली.

आदर्शने बाजू उभ्या केल्या, खोका डावीकडे सरकवला. तो खाली पडला आणि उलगडला. त्याने मायकडे पाहिलं, दुसरा वळला, तोही तिकडेच सरकवला.

"माय, घे की," तो म्हणाला.

चांगुणाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.